मुलीला इंग्रजी साहित्य आणि क्रिएटिव्ह रायटिंग शिकायचंय, तेही कामाच्या अनुभवासह. इंग्लंडला पाठवावं की नाशिकलाच बीए करू द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी आर्ट्सला आहे, तिला इंग्लंडमधला 'प्लेसमेंट इयर'सह असलेला चार वर्षांचा कोर्स आवडलाय आणि घरात त्यावरून दोन तट पडलेत. मी नाशिकलाच इंग्रजी घेऊन बीए, एमए केलं. शिकताना एका दैनिकाच्या डेस्कवर होते, आता कंपन्यांना इंग्रजी-मराठी मजकूर लिहून देते. माझं मत: बीए इथेच करू द्या. पाठवायचंच असेल तर एमएला पाठवा.

तिथे साधारण असं असतं. पहिली दोन वर्षं वर्गात, तिसरं बाहेर कुठेतरी नोकरीत, चौथ्या वर्षी परत कॉलेजात. ती नोकरी प्रकाशन संस्थेत, थिएटरात, संग्रहालयात, जाहिरात कंपनीत, कुठेही असू शकते. पण आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी कंपन्या कॉलेजात येतात, तसं तिथे समजू नका. जागा बहुतेक वेळा मुलीनेच शोधायची. विद्यापीठ सीव्ही तपासून देतं, मुलाखतीची तयारी करून घेतं, फार तर ओळख करून देतं. जागा मिळाली नाही तर बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांच्या साध्या डिग्रीत वळवतात. प्रकाशनातल्या जागांसाठी तिथल्याच मुलांची रांग लागलेली असते, त्यातल्या बऱ्याच जागा लंडनला, आणि लंडनचं भाडं वेगळं. परदेशी विद्यार्थ्याला या विषयाची फी बऱ्याच विद्यापीठांत वर्षाला १५ ते २५ हजार पौंड पडते. राहणं-खाणं त्यावर.

तिथलं शिकवणं मात्र चांगलं आहे, हे खोटं कशाला बोलू. आपल्याकडे बीएला भर वाचनावर आणि लेखी परीक्षेवर. तिथे वर्कशॉप असतं: तुमची कथा सगळ्यांनी आधी वाचून यायची आणि तुमच्यासमोर तिची चिरफाड करायची. मार्कही लिहिलेल्या कथा-कवितांना आणि त्या कशा घडल्या यावरच्या निबंधाला. हे इथे सहज मिळत नाही. पण तिथला या विषयाचा सगळ्यात नावाजलेला कोर्स, ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा, १९७० साली सुरू झाला तो एमएचा. २०१७ चे नोबेलविजेते काझुओ इशिगुरो तिथलेच. पण त्याआधी त्यांनी केंट विद्यापीठातून इंग्रजी आणि तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती आणि बेघर लोकांसाठी काम केलं होतं. आपले शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, नाशिकच्या एचपीटी कॉलेजातून पदवी घेऊन आधी नाशिकच्याच सिनेकंपनीत गेले, पटकथा लिहिली, लक्ष्मणाची भूमिकाही केली. सिनेमा पडला. मग वर्तमानपत्रं.

आता नाशिकचं. एचपीटी किंवा केटीएचएम कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए होतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्यातल्या रचनेत तिसऱ्या वर्षी ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आहे, म्हणजे १२० तास. प्रवेश घेतानाच विभागात विचारा की मुलं ओजेटीला कुठे जातात. कारण सही-शिक्का आणून फाइल भरण्याचीही पद्धत आहे, आणि तसं केलं तर ते १२० तास गेलेच म्हणून समजा.

तिला पहिल्या वर्षापासूनच कुठेतरी चिकटवा. डेस्कवर मला पहिल्यांदा हातात मिळाली ती एका शाळेची प्रेस नोट. 'सालाबादप्रमाणे यंदाही'ने सुरुवात, मग दीपप्रज्वलन, मग चार ओळी मान्यवरांची नावं. शाळेने त्या वर्षी मुलींसाठी वसतिगृह सुरू केलं होतं, ते शेवटून दुसऱ्या वाक्यात. ऐंशी शब्दांत बसवायची होती. उपसंपादकांनी माझ्यासमोर पेन घेऊन वसतिगृह वर ओढलं, मान्यवर उडवले आणि म्हणाले, "आता फोन येतील, ते तू घ्यायचे." आले. काय कापायचं आणि कापल्यावर कोण रुसतं, दोन्ही तिथेच कळलं.

कामं भरपूर आहेत, फक्त पाटी लावून बसलेली नाहीत. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदारांना युरोपातल्या ग्राहकांशी इंग्रजीत नीट पत्रव्यवहार करणारं माणूस लागतं. कंटेनर उशिरा पोचणार असेल तर ते माफी न मागता, पण नम्रपणे कसं लिहायचं, ही काही सोपी कथा नाही. गंगापूर धरणाकडच्या वायनरींना पर्यटकांसाठी मजकूर लागतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी माहितीपत्रकं, सूचना, वेबसाइट हे सगळं मराठी, हिंदी, इंग्रजीत लागणार. पैसे सुरुवातीला कमी मिळतात, कधी बुडतातही. निम्मे आगाऊ घ्यायला शिकवा.

वर्कशॉपची उणीव थोडी भरून काढता येते. चार-पाच लिहिणारी मुलं जमवा, महिन्यातून दोनदा बसा, आणि आवडलं-छान-मस्त म्हणायला बंदी. नाशिकच्या 'सार्वजनिक वाचनालया'चं सभासदत्व घ्या. १८४० पासूनची संस्था आहे, आणि मराठी न वाचता इंग्रजीत लिहायला निघालेली नाशिकची मुलं मला तरी पोकळ वाटतात. हे माझं मत, तुमच्या मुलीला पटलंच पाहिजे असं नाही.

तरीही तिला आत्ताच जायचं असेल तर विद्यापीठाला मेल करून लेखी उत्तर मागा: गेल्या तीन वर्षांत या कोर्सच्या किती मुलांना प्लेसमेंट मिळाली, त्यात परदेशी किती, पगारी किती, आणि त्या वर्षाची फी किती. एजंटला विचारू नका. त्याला कमिशन मिळतं ते प्रवेशाचं, प्लेसमेंटचं नाही.