वाचक विचारतात: १८८९ सालची लाकडी टगबोट अजून तरंगते कशी?

प्रश्न: काका, नमस्कार. मुलीकडे सिअ‍ॅटलला गेले होते, तेव्हा तिथल्या लेक युनियन तळ्याच्या धक्क्यावर 'आर्थर फॉस' नावाची लाकडी टगबोट, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, पाहिली. बांधणीचं साल १८८९! आमच्या अलिबागच्या घराची दारं तर दर काही वर्षांनी खालून कुजतात. मग ही पाण्यात राहून टिकली कशी? आणि तिच्यात मूळचं काय उरलं असेल?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: ताई, तुमची दारं कुजतात ती पावसाच्या पाण्याने. समुद्राचं पाणी लाकडाला कुजवत नाही, उलट मीठ बुरशीला रोखून धरतं. तुमच्याच किनाऱ्यावर बघा. पावसाळा आला की होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. एरवी समुद्रात राहणाऱ्या होडीला जपायचं ते आभाळातून पडणाऱ्या पाण्यापासून. जुने खलाशी डेकसुद्धा खाऱ्या पाण्यानेच धुवायचे.

खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा. तिथे लाकूड पोखरणारा किडा असतो, आणि तो गोड्या पाण्यात जगत नाही. लेक युनियनचं पाणी गोडं आहे, त्यामुळे बुडाला त्या किड्याची भीती उरत नाही. पण सिअ‍ॅटलचा हिवाळा म्हणजे महिनोन् महिने रिपरिप. धोका वरून आहे. डेकच्या कोपऱ्यात पाणी साचलं, सांध्यांतून आत झिरपलं, की आतल्या आडव्या तुळया कुजू लागतात आणि बाहेरून रंग चकाचक दिसत राहतो.

मी मुंबई बंदरात टगवर इंजिन ड्रायव्हर होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो: अशी बोट कामामुळे टिकते. कामावरची टग ठरल्या वेळी गोदीत चढते. बूड खरवडलं जातं, सांध्यांत सूत ठासलं जातं, खराब फळी काढून नवी बसते. इंजिनाच्या उबेने पोट कोरडं राहतं. ही टग तर जवळजवळ ऐंशी वर्षं कामावर होती.

पोर्टलंड शहरात ती बांधली तेव्हा तिचं नाव होतं 'वालोवा'. कोलंबिया नदी जिथे प्रशांत महासागराला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे, आणि त्यावर लाटा अशा फुटतात की शिडाची जहाजं एकेकटी आत येऊ धजत नसत. त्यांना ओढून आत-बाहेर करणं हे तिचं पहिलं काम. पुढे १८९८ च्या सुमारास सोन्यामागे धावणाऱ्यांच्या गर्दीत ती अलास्काला गेली. मग कित्येक वर्षं ओंडक्यांचे तराफे ओढले. १९२९ मध्ये टग चालवणाऱ्या फॉस कंपनीने ती घेतली. या कंपनीची सुरुवात केली थिया फॉस नावाच्या नॉर्वेहून आलेल्या बाईंनी, सिअ‍ॅटलजवळच्या टकोमामध्ये वल्ह्यांच्या होड्या भाड्याने देऊन, आणि तीही १८८९ सालीच! त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव या टगला मिळालं ते १९३४ मध्ये, वाफेचं यंत्र काढून डिझेल बसवलं तेव्हा.

ते डिझेल पाहायला मी जन्मात एकदा तरी जाणार आहे. सिअ‍ॅटलच्याच वॉशिंग्टन आयर्न वर्क्सचं, सहा सिलिंडर, ७०० अश्वशक्ती. त्याला गिअर नाही. मागे जायचं तर इंजिन पूर्ण थांबवायचं, कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, सरकवायचा, आणि दाबलेली हवा सोडून तेच इंजिन उलट्या दिशेने सुरू करायचं. वर कप्तान इंजिनखोलीला हुकूम देणाऱ्या टेलिग्राफची घंटा वाजवतो आणि खाली ड्रायव्हर, ज्याला बाहेरचं काही दिसत नाही, तो केवळ त्या घंटेवर विश्वास ठेवून हात चालवतो. जहाजाला धक्क्याला लावताना पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागतं. प्रत्येक वेळी लोखंडी बाटल्यांत भरून ठेवलेली दाबलेली हवा कमी होते. हवा संपली की इंजिन सुरू होणार नाही, आणि समोर हजारो टनांचं जहाज! हे ज्याने केलंय त्याला त्या खोलीत उभं राहिल्यावर काय वाटेल ते मी इथे लिहू शकत नाही.

तिची सर्वांत मोठी परीक्षा १९४१ च्या डिसेंबरात झाली. प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर अमेरिकी नौदलाचा तळ बांधला जात होता आणि ही टग हवाईहून तिथे बार्ज, म्हणजे माल वाहणारे सपाट पडाव, ओढून नेत होती. रिकाम्या बार्ज मागे बांधून ती परत निघाली आणि थोड्याच वेळात वेकवर जपानी बाँब पडू लागले. २३ डिसेंबरला बेट पडलं तेव्हा ही अजून समुद्रातच होती. सुमारे ३,७०० किलोमीटरचा तो पल्ला ओढत, टाक्यांत तळाशी उरलेल्या इंधनावर, ती महिनाअखेरीस हवाईला पोहोचली. पुढची युद्धाची वर्षं तिने नौदलात काढली.

आता दुसरा प्रश्न. मूळचं काय उरलं? यंत्र नाही, नाव नाही, केबिनही मूळची नाही. डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या जुन्या लाकडातलं काही बुडाच्या बाजूला असेल, बाकी फळ्या वेळोवेळी बदलल्या. मला यात काही उणं वाटत नाही. लाकडी बोट अशीच बांधतात, की एकेक फळी काढून दुसरी घालता यावी.

१९६८ मध्ये ती निवृत्त झाली, १९७० मध्ये नॉर्थवेस्ट सीपोर्ट या संस्थेकडे आली, आणि १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. तरी खरी काळजी आताच घ्यावी लागते. उभ्या बोटीची दोन्ही टोकं हळूहळू खाली वाकतात, पोटात गारवा राहतो, वरून पाऊस. संस्थेचे स्वयंसेवक हे सांभाळतात. मी ज्यांवर काम केलं त्या टग मुंबईतल्या दारूखान्यात, जहाजं मोडीत काढतात तिथे, तोडायला गेल्या, आणि त्यातली एक तरी मुंबईने धक्क्याला बांधून ठेवायला हवी होती असं मला आजही वाटतं.

तुमच्या मुलीला सुट्टीचे चार तास असतील तर तिला तिथे पाठवा. रंग खरवडायला, डेकचे कोपरे कोरडे ठेवायला माणसं लागतातच. आणि अलिबागच्या दारांना खालच्या कडेला तेलाचा हात पावसाआधी द्या. खालची कड लाकडाच्या उभ्या धाग्यांची टोकं असलेली, पाणी तिथूनच वर चढतं.