बेसबॉलमध्ये एखादा फलंदाज 'मेंडोझा लाइनच्या खाली' गेला की लोक का हसतात?

कारण त्याची बॅटिंग सरासरी .२००च्या खाली घसरलेली असते. थोडक्यात, बॅट घेऊन नुसता शोभेला उभा आहे असा तो टोमणा. नाव मारियो मेंडोझाचं. मेक्सिकोचा हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) क्षेत्ररक्षणात पक्का, पण १९७९ मध्ये सिॲटल मरिनर्सकडून त्याची सरासरी .१९८ राहिली. सहकाऱ्यांनी चिडवायला सुरुवात केली आणि कॅन्सस सिटीचा फलंदाज जॉर्ज ब्रेट याच्यामुळे हा शब्दप्रयोग सगळीकडे पसरला. (कारकिर्दीची सरासरी .२१५, म्हणजे बिचारा स्वतः रेषेच्या वरच!)

आकडा वाचताना क्रिकेट विसरा. इथे धावांचा संबंध नाही. हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट्स (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या खेपा), बस. दहापैकी तीनदा हिट म्हणजे .३००, आणि एवढ्यावर माणूस उत्तम फलंदाज ठरतो. मात्र चार वाइड चेंडूंवर फुकट मिळणारा वॉक यात धरतच नाहीत. म्हणून २०२३ मध्ये फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर .१९७ वर असला तरी हसण्यात अर्थ नव्हता: ४७ होम रन, १२६ वॉक. अशांची ऑन-बेस टक्केवारी (वॉक धरून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो) बघावी, त्याची .३४३ होती.