वाचकांचे प्रश्न : फुगलेल्या पुंगळ्या

प्रश्न : माझ्याकडे ०.३२ रिव्हॉल्व्हर आहे, परवान्याचं. झाडलेल्या काही पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, बुडाजवळ एका अंगाला फुगल्यात. बेळगावच्या उद्यमबागेतला लेथवाला मित्र म्हणतो, डायमधून (साच्यातून) दाबून मापात आणून देतो. मग पुन्हा भरल्या तर चालतील का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. मित्राच्या हातात कसब असेल, मापाचं व्हर्निअर 8.6 मिमी दाखवेलही. पण माप परत येतं, ताकद येत नाही. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. ते ताणलं, मग दाबलं की कडक आणि ठिसूळ होतं. तांबट भांडं ठोकताना मधेमधे ताव देतात, म्हणजे तापवून मऊ करतात, ते याचसाठी. इथे ती सोय नाही. बुडाला ताव दिला तर पितळ मऊ पडतं, आणि सगळ्यात जास्त मजबुती तर तिथेच हवी.

ट्रकच्या टायरात शंभरेक पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा असते. या काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा 15,000 पीएसआय आहे. बूड फाटलं की तापलेला वायू मागे, म्हणजे तुमच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे येतो. शिवाय दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा पुरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं कैद आहे.

खरं तर पुंगळीपेक्षा रिव्हॉल्व्हरची काळजी करा. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्याच्या, मापाइतकी, सगळीकडून सारखी पसरलेली पुंगळी नेहमीचीच. एकाच अंगाचा फुगवटा तसा नाही. पुढच्या वेळी रेंजवर प्रत्येक पुंगळीवर चेंबरचा आकडा मार्करने लिहा. फुगवटा दरवेळी एकाच आकड्यावर आला, तर ते चेंबर पसरलंय किंवा तडकलंय; गोळीबार तिथेच थांबवा. सगळ्याच फुगल्या, बुडातल्या टोप्या (घोड्याच्या ठोक्याने पेट घेणाऱ्या) चपट्या झाल्या, पुंगळ्या ओढून काढाव्या लागल्या, तर दोष दाबाचा: त्या डब्यातली उरलेली काडतुसं वापरू नका. दोन्ही वेळा रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा.

प्रश्न : चामडी पट्ट्यातल्या काडतुसांवर पावसाळ्यात हिरवा थर आलाय. घासून वापरू?

उत्तर : चामडं कमावताना वापरलेली आम्लं पितळ खातात, दमट हवा त्यात भर घालते. थर फडक्याने पुसून बघा. खाली खड्डे दिसले तर ते काडतूस बाद. कचऱ्यात टाकू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा. पट्टा फक्त शेतावर जाताना बांधा. घरी काडतुसं कोरड्या डब्यात, कुलपात.