आधी एक नोट नीट बघ

वसाहतींचा इतिहास वाचायला घेतलायस ना, मग अख्खा आफ्रिका एकदम अंगावर घेऊ नकोस. एकटा मॉरिशस धर. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट फ्रेंचांकडून जिंकलं, पण फ्रेंच कायदे आणि भाषा राहू दिली. म्हणून आजही संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आणि घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, आले. त्यांत आपले कोकणातलेही. तिथली चलनी नोट बघ, भाषांचा क्रम असा: इंग्रजी, तमिळ, हिंदी. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ हिंदीच्या खाली गेली, तर असा गदारोळ झाला की नोटाच मागे घ्याव्या लागल्या! ‘सगळं इंग्रजांनी केलं’ एवढंच लिहिलंस, तर हा क्रमाचा तंटा कसा उलगडशील? आणि डाळपुरी विसरू नकोस. रस्त्यावर उभं राहून ती तिथे सगळेच खातात.