'ईकागेन नि शिनासाइ' : यातलं 'चांगलं' गेलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: जपानी मालिकेत आई व्हिडिओ गेम खेळत बसलेल्या मुलावर 'ईकागेन नि शिनासाइ!' म्हणून ओरडते. 'ई' म्हणजे चांगलं, 'कागेन' म्हणजे प्रमाण, 'शिनासाइ' म्हणजे कर. मग याचा अर्थ 'नीट कर' असा व्हायला हवा, तर खाली सबटायटलमध्ये 'बास कर' असं का लिहिलंय?

खाली लिहिलेलंच बरोबर आहे. 'नीट कर', 'नीट वाग' यासाठी जपानी आई 'चान्तो शिनासाइ' म्हणेल. तुमची गाठ 'कागेन'पाशी बसली आहे, तेव्हा आधी तो शब्द बघू. त्यात दोन कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं) आहेत, एक मिळवण्याची आणि दुसरी वजा करण्याची. अंकगणितातल्या चार क्रियांना मिळून 'कागेन्-जोऽजो' म्हणतात, त्यातलं 'कागेन' म्हणजे बेरीज-वजाबाकी. म्हणजे कमीजास्त करत एखादी गोष्ट बेतावर आणणं. जपानी घरात हा शब्द सारखा कानावर पडतो: 'शिओकागेन' म्हणजे मिठाचा अंदाज, 'हिकागेन' म्हणजे गॅसची आच, 'युकागेन' म्हणजे आंघोळीचं पाणी कितपत गरम आहे ते. समोरच्याला झेपेल इतकाच जोर लावणं म्हणजे 'तेकागेन'. आजारी माणसाला 'ओकागेन वा इकागा देसु का' असं विचारतात, म्हणजे 'तब्येत कशी आहे?'

आता 'ईकागेन नि सुरु' ('सुरु' म्हणजे करणं, 'शिनासाइ'चं मूळ रूप) शब्दशः घेतलं तर 'बेतावर आण'. तू बेताच्या पलीकडे गेला आहेस, आता थांब. मराठीत 'आता पुरे!' किंवा 'बास झालं हं!' हे त्याच्या सगळ्यात जवळचं.

यातूनच वापराचा मुख्य नियम निघतो: पहिल्या चुकीला हे वाक्य चालत नाही. मुलाने पहिल्यांदा आवाज केला तर 'यामेनासाइ' (थांबव). ऐकलं नाही तर 'नान्काइ इत्तारा वाकारु नो' (किती वेळा सांगायचं?). त्यानंतरची पायरी 'मोऽ, ईकागेन नि शिनासाइ!' सुरुवातीचा 'मोऽ' (आता, एव्हाना) फार वेळा येतो, कारण वाक्याचा सगळा भार 'बराच वेळ चाललंय' यावर आहे. कपातला चहा एकदाच सांडला आणि तुम्ही हे म्हणालात, तर ऐकणारा गोंधळेल: 'आधी काय केलं होतं मी?'

शेवटचं क्रियापद कोण कोणाला बोलतंय ते सांगतं. 'शिनासाइ' आईवडील आणि शिक्षक वापरतात. 'शिरो' रांगडं आहे, भांडणात किंवा चिडलेल्या बापाच्या तोंडी येतं. 'शिते' किंवा 'शिते यो' नवराबायको, भावंडं, मित्रमैत्रिणींत. त्यात रागाइतकाच कंटाळा असतो. ओसाकाकडे 'एऽकागेन नि सेऽ!' मान्झाइ या दोघांच्या विनोदी प्रयोगातही हे वाक्य भेटतं: शहाणा जोडीदार वेडगळ बडबडीला 'ईकागेन नि शिरो!' म्हणून लगाम घालतो आणि बऱ्याचदा तिथेच प्रयोग संपतो.

'शिते कुदासाइ' मात्र फसवं आहे. 'कुदासाइ' आलं म्हणून ते सौम्य झालं असं समजू नका. रोज रात्री गोंगाट करणाऱ्या शेजाऱ्याला कोणी हे म्हणालं, तर त्याचा संयम संपलाय आणि तो फक्त शब्द सांभाळतोय.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'सुरु'च्या जागी 'यारु' (हेही 'करणं'च) आलं की. 'ईकागेन नि यारु' म्हणजे काम कसंतरी उरकणं. म्हणून 'ईकागेन नि यारु ना' हे 'पाट्या टाकू नकोस' असं होतं. 'थांब' म्हणायचंय म्हणून नकार जोडून 'ईकागेन नि शिनाइदे' केलंत, तर 'हलगर्जीपणे घेऊ नकोस' असा भलताच अर्थ निघतो. रागावण्याच्या या वाक्यात 'करू नकोस' असा नकार नसतो.

'योग्य प्रमाण' यातून 'हलगर्जी' कसं निघालं, हे मराठी माणसाला समजावं लागू नये. आपला 'बेताचा' बघा. 'बेतानं खा' मध्ये तो शहाणपणाचा सल्ला आहे, पण 'बेताची बुद्धी' म्हटलं की कमीपणा येतो. तसंच 'ईकागेन ना हितो' म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा माणूस, आणि 'ईकागेन ना हेन्जि' म्हणजे थातुरमातुर उत्तर. तिसरा वापरही आपल्या ओळखीचाच आहे. 'ईकागेन त्सुकारेता' म्हणजे 'चांगलाच दमलो'. 'चांगला तासभर थांबलो' यातल्या 'चांगला'त जशी तक्रार असते, तशीच इथल्या 'ई'मध्ये आहे. मला हे साम्य पाठ करण्याच्या कोणत्याही युक्तीपेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

मूळचा चांगला अर्थ अजून जिवंत आहे, पण त्याला आधार लागतो. 'चोऽदो ई कागेन' म्हणजे अगदी हवं तसं. 'ई युकागेन देसु ने' म्हणजे पाणी छान गरम आहे. 'चोऽदो' किंवा मिठा-पाण्याचा उल्लेख नसेल आणि बोलणं माणसाबद्दल असेल, तर तो दोष समजा.

उच्चारात 'ई' पुरता दोन मात्रांचा हवा आणि शेवटचा 'न्' स्वतःची एक मात्रा घेतो. एकूण पाच: इ-इ-का-गे-न्. मराठी सवयीने 'इकागेन' असं आखूड झालं तर शब्द ओळखू येत नाही.

ऑफिसात वरिष्ठांना हे वाक्य कुठल्याच रूपात म्हणू नका, 'कुदासाइ' लावूनही नाही. बैठक लांबली असेल तर 'सोरोसोरो ओवारि नि शिमाशोऽ का' (आता आवरतं घेऊया का?) हे सुरक्षित आहे. जेवताखाताना जवळच्या माणसाला आवरायचं असेल तर 'होदोहोदो नि ने', म्हणजे 'बेतानं हं'. आणि तुम्हालाच कोणी 'ईकागेन नि शिते' म्हणालं, तर 'देमो...' (पण...) म्हणून सुरुवात करू नका. आधी हातातलं थांबवा, मग 'गोमेन' (माफ कर).