फिलाडेल्फियाच्या ओडुंडे फेस्टिव्हलला मुलांना घेऊन जावं का? सेफ असतं का? इंडियन लोकांना तिथे ऑकवर्ड होत नाही ना?

जा. ओडुंडे म्हणजे साउथ स्ट्रीटवर भरणारी आफ्रिकन-अमेरिकन लोकांची मोठी जत्रा. मुलांना न्या, आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही न्या. फक्त गाडी नेऊ नका.

आता "सेफ" या शब्दाबद्दल. इथल्या मंडळातल्या एका काकांकडून हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की तुमचा प्रश्न वाचून आधी डोकंच फिरलं. पण खरं सांगायचं तर माझी पहिली ओळखही काही फार चांगली नव्हती. २०१६ ला आम्ही साउथ स्ट्रीटच्या जवळच भाड्याने राहायचो. जूनचा दुसरा रविवार, म्हणजे ओडुंडेचा दिवस, सासू-सासरे आलेले, मंडळाची पिकनिक आणि मसालेभात माझ्याकडे, चाळीस माणसांचा, मंडळाच्याच टोपात. खाली आले तर गाडी गायब. झाडांना चार दिवस आधीपासून नो पार्किंगचे कागद लावलेले, आम्ही दोघांनी रोज बघितलेले, आणि दोघांनाही वाटलं की दुसरा गाडी हलवेल. इथे अशा वेळी गाडी उचलून जवळच्या कुठल्यातरी गल्लीत नेऊन ठेवतात, कुठे ते तुमचं तुम्ही शोधा. नवरा शोधायला गेला आणि मी टोप, सासूबाई आणि त्यांचे गुडघे घेऊन त्या गर्दीत उभी. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते, की काय हा आवाज, रस्ता काय यांच्या बापाचा आहे का वगैरे. हे सगळं मीच, जिचं लहानपण औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) गुलमंडीत गणपतीच्या ढोलांखाली गेलं!

शिया बटर विकणाऱ्या एका बाईंनी स्वतःची खुर्ची सासूबाईंना दिली. मागितली नव्हती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसलेले, त्यांनी मला या रस्त्याचं सगळं पुराण ऐकवलं. या साउथ स्ट्रीटवरून एक मोठा एक्सप्रेसवे जाणार होता, वस्ती उठणार म्हणून लोक घरं विकून निघालेले, पण उरलेले भांडत राहिले आणि १९७० च्या दशकात तो प्लॅन बारगळला. त्याच वस्तीतल्या लोइस फर्नांडिस नावाच्या बाई नायजेरियात जाऊन ओशून या नदीच्या देवीचा उत्सव बघून आल्या आणि १९७५ मध्ये शंभर डॉलरच्या ग्रँटवर इथे हे सुरू केलं. ओडुंडे म्हणजे तिकडच्या योरुबा लोकांच्या भाषेत नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पुढे एरिया महाग झाला, नवे लोक राहायला आले आणि त्यांना आवाजाचा, पार्किंगचा त्रास व्हायला लागला, उत्सव दुसरीकडे हलवा म्हणाले. बाई हलल्या नाहीत. (पुढच्याच वर्षी, २०१७ ला त्या गेल्या, आता लेक बघते.) हे ऐकताना मी टोपाकडे बघत होते, कारण नवे लोक म्हणजे आम्हीच की.

तेवढ्यात मिरवणूक निघाली. पांढरे कपडे, ढोल, फळाफुलांच्या टोपल्या, सगळे नदीवरच्या पुलाकडे. सासूबाई उठल्याच. "अगं, नदीची ओटी भरतायत ह्या," म्हणे. मी म्हटलं आई, ओटी नाही, ते वेगळं असतं. त्या ऐकतायत कसल्या! पुलापर्यंत चालत गेल्या, ज्यांना सकाळी जिना उतरवत नव्हता. कोणीतरी हातात संत्रं दिलं ते त्यांनी नमस्कार करून स्कुलकिल नदीत टाकलं आणि मला विचारलं, नारळ का नाही ठेवत हे?

गाडी मिळाली तेव्हा पिकनिक संपत आलेली. मसालेभात आम्ही त्या खुर्चीवाल्या बाई आणि आसपासच्या स्टॉलवाल्यांना वाढून टाकला, फार तिखट नाही म्हणाले.

मंडळात यावरून मोठं महाभारत झालं. भाताचं एक वेळ ठीक, माझं चुकलंच. पण काका म्हणाले, आईंना घेऊन त्या लोकांत कशाला गेलात, आपला त्यांचा संबंध काय. काका पण औरंगाबादचेच. मी म्हटलं, काका, ते शहर १६१० मध्ये खडकी नावाने वसवलं कोणी? मलिक अंबरने. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला पोचलेला माणूस. ज्या नहरीचं पाणी तुमची आजी आणि माझी आजी प्यायली ती त्याने खोदून घेतली, आणि भडकल गेटही त्याचंच. तर म्हणतात, "ते वेगळं." काय वेगळं ते आजतागायत सांगितलेलं नाही.

आणि मरियन अँडरसन ही प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिका याच भागात वाढली, गाण्याच्या शिकवणीला पैसे नव्हते म्हणून चर्चमधल्या साध्यासुध्या लोकांनी वर्गणी काढली. १९३९ ला वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलसमोर पंच्याहत्तर हजार लोकांपुढे गायली ती. आपल्या मंडळात वर्गणीतून शाल-श्रीफळ कोणाला मिळतं ते मी लिहीत नाही, कळणाऱ्यांना कळेल.

हां, तुमचा प्रश्न. गर्दी प्रचंड असते, पंधराएक ब्लॉक भरतात, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका, पण ते कुठल्याही जत्रेत नाही सोडत आपण. ऊन जाम असतं. व्हेज असाल तर तळलेली पिकली केळी खा, प्लान्टेन म्हणतात. कोणाचा फोटो काढायचा तर विचारून काढा, मिरवणुकीत तर नक्कीच, ती त्यांची पूजा आहे. आणि मी मलिक अंबर मध्ये आणला खरा, पण इथियोपिया कुठे आणि योरुबा लोक कुठे, आफ्रिका म्हणजे एक गाव नाही. तिथे जाऊन कोणाला हे ऐकवू नका, ते फक्त काकांसाठी होतं.

ऑकवर्ड मला झालं होतं, पण ते हातातल्या टोपामुळे. तो टोप अजून माझ्याकडेच आहे, काका वाचत असतील तर येऊन घेऊन जावा.