बडोद्यातून ६ इंची दुर्बिणीने तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या शोधता येतील का?

दुर्बिणीने नाही, लॅपटॉपवर नक्की. कोमट धूळ अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात उजळते, पण त्या तरंगलांबीला बडोद्याची हवा आणि खुद्द दुर्बीणही झळकते. नासाच्या वाइज या अवरक्त उपग्रहाची मोफत आकडेवारी घ्या. साध्या ताऱ्याची ३.४ आणि २२ मायक्रॉन तरंगलांबीची प्रत (तेजाचं माप; आकडा लहान तर तारा जास्त उजळ) जवळपास सारखीच येते. २२ला तो पाव प्रतीहून जास्त उजळ, आणि फरक मोजमापाच्या त्रुटीच्या कितीतरी पट, तर धुळीचा संशय घ्या.

बहुतेक उमेदवार इथेच गळतात: २२ मायक्रॉनचं चित्र १२ विकलांइतकं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) धूसर असतं, त्यामुळे मागची दीर्घिका किंवा शेजारचा तारा त्यात मिसळतो. दृश्य प्रकाशातल्या फोटोवर १२ विकलांचं वर्तुळ काढून आत दुसरं काही आहे का बघा. उजेडाचा मध्य ताऱ्यावरून सरकला, तर सोडून द्या. ८व्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारेही टाळा, ३.४ला ते संपृक्त होतात, म्हणजे संवेदकाची मर्यादा ओलांडतात.